उभ्यानं चिरायची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. सुरी म्हटल्यावर पाहुण्यांपुढं सफरचंद कापणारी नाजूक बाई डोळ्यांपुढं आली असेल, तर ती मी नव्हे. मी वीतभर पात्याची, जाड पाठीची, कष्टाची सुरी आहे. हल्ली माझा मुक्काम कुंभारी गावात, एका घराच्या मागच्या खोलीतल्या कोनाड्यात असतो. शेजारी एक कंगवा आहे आणि एक काडेपेटी आहे. कंगव्याला रोज सकाळी बोलावणं येतं, काडेपेटीला दोन्ही वेळा येतं. मला येत नाही. त्यामुळं माझ्याकडं वेळच वेळ आहे, आणि सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे.

माझा जन्म सोलापुरात, विजापूर वेशीच्या आतल्या बोळात, त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर झाला. टेंभुर्णीच्या नाक्यावर एका ट्रकच्या कमानीचा पाटा तुटला, भंगारात गेला, आणि फिरत फिरत गैबीसाब शिकलगारांच्या भट्टीपाशी आला. त्याच पोलादातून मी निघाले. गैबीसाब तेव्हा साठीचे होते. विळे, खुरपी, खाटकांच्या सुऱ्या, चांभारांच्या राप्या, सगळं त्यांच्या हातून जायचं. धारेबद्दल ते फारसं बोलत नसत. "धार काय, कोनबी लावंल. सुरी वळखावी मुठीवरनं," असं ते म्हणत, आणि मग मुठीचं पुराण लावत.

ते पुराण असं. मूठ म्हणजे पात्याच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी बसवलेल्या दोन लाकडी पट्ट्या. मधे लाखेचा पातळ थर, आणि आरपार तीन पितळी खिळे. लाकूड ओलं असेल तर पट्टी सुकताना आपल्या मर्जीनं वाकते आणि पात्यापासून सुटते. म्हणून गैबीसाबांच्या घरात वाडवडिलांपासून एक रीत होती. बाभळीचे ठोकळे घरच्या कणगीत, ज्वारीच्या पोटात पुरून ठेवायचे आणि वर्षानं बाहेर काढायचे. दाणा चहूबाजूंनी हळूहळू ओल ओढून घेतो, घाई करत नाही, त्यामुळं लाकूड आतबाहेर सारखं सुकतं. हे सगळं गैबीसाब प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. ऐकून ऐकून शेजारच्या चहावाल्याला ते पाठ झालं होतं, आणि गैबीसाब जेवायला गेले की तोच गिऱ्हाइकांना म्हणून दाखवायचा.

माझ्या मुठीचा ठोकळाही वर्षभर कणगीत होता. बहात्तरच्या दिवाळीला आत गेला आणि त्र्याहत्तरच्या दिवाळीला बाहेर आला. बोटानं वाजवला तर खणखणीत वाजला. गैबीसाबांनी मान डोलावली आणि करवत घेतली.

मी कुणा खाटकासाठी झाले नव्हते. चन्नम्मा नावाच्या एका बाईसाठी झाले होते. चाळिशीची, उंच, कमी बोलणारी. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिच्या उजव्या गुडघ्यावर दगड आला होता. जखम भरली, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. नवरा आधीच वारलेला, मूलबाळ नव्हतं. ती कुंभारीला भावाच्या घरी राहिली. तिथं तिला कुणी वाईट बोलत नव्हतं. खरं म्हणजे कुणी बोलतच नव्हतं. ताट यायचं, ताट जायचं, आणि मधला दिवस भिंतीकडं बघून काढायचा.

अशात सोलापुरातल्या तिच्या चुलत बहिणीनं, सावित्रम्मानं, तिला बोलावून घेतलं. गिरणीजवळ सावित्रम्माची खानावळ होती. चाळीस कामगार दोन्ही वेळा जेवायचे. सावित्रम्मा मनाची वाईट नव्हती, पण चाळीस पोटं तिच्या जिवाला होती. तिनं आल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं. "हे बघ, चुलीम्होरं तुला बसता येत न्हाय, तवा भाकरी तुझ्याकडनं मागत न्हाय मी. पर दोन्ही येळची भाजी चिरून झाली पायजे. तेवढं जमलं तर जलमभर ऱ्हा. न्हाय जमलं तर मला दुसरी बाई बघावी लागंल की."

आता आपल्याकडं भाजी चिरायची म्हणजे विळी. आणि विळीवर बसायचं म्हणजे गुडघा मोडून पाट पायाखाली दाबायचा. चन्नम्माला ते कसं जमावं? तिनं विचारत विचारत गैबीसाबांचं दुकान गाठलं आणि दारातूनच म्हणाली, "मामू, उभ्यानं चिरता येईल असं कायतरी करून द्या."

गैबीसाबांनी दोरा घेतला, तिच्या उजव्या तळहाताभोवती गुंडाळला, बोटं मिटायला लावली, आणि त्या मापानं माझी मूठ घडवली. तळहाताच्या खळग्यात बसेल असा फुगवटा दिला, करंगळीला टेकू दिला. मित्रांनो, दुसऱ्या कुणाच्याही हाताला मी जराशी चुकल्यासारखीच लागले असते. मी तिच्यापुरतीच झाले होते, आणि याचा मला फार अभिमान होता.

खानावळीत चुलीजवळ बायकांचा घोळका असे. सावित्रम्मा, नागव्वा आणि आणखी दोघी. विळ्या, परातींचे आवाज, हसणं, कुणाच्या तरी सासूच्या नकला. चन्नम्मा आणि मी मात्र खिडकीखालच्या फळीपाशी, सगळ्यांकडं पाठ करून उभ्या. उभं राहायला जागा तेवढीच होती. बसलेल्या बायकांच्या गप्पा जमिनीलगत फिरतात, उभ्या बाईपर्यंत त्या फारशा चढत नाहीत. कधी हसण्याचा मोठा लोट आला की ती वळून विचारायची, "काय झालं?" आणि नागव्वा म्हणायची, "काय न्हाय गं." त्यात दुष्टपणा नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सांगायचा कंटाळा होता, इतकंच. पण असं रोज झालं की माणूस विचारायचं सोडतो. तिनंही सोडलं. मग आम्ही दोघीच उरलो, आणि समोर कांद्यांचा ढीग.

तरी ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. सकाळी मला उचलताना ती कानडीत "बा" म्हणायची, म्हणजे ये. दोडका, वांगी, मेथी, भोपळा, मी सगळ्यांतून सुतासारखी जायचे. एकदा ज्ञानू नावाचा कामगार ताटावर बसून म्हणाला, "वांग्याची फोड बघा, एकीला झाकावी आन् दुसरी काढावी. कुणी चिरली म्हनायची?" दाराआड चन्नम्मानं ते ऐकलं. त्या दिवशी तिनं मला दोनदा धुतलं, एकदा कामासाठी आणि एकदा उगीच.

हे सुख सव्वा महिना टिकलं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, हवा कोरडी खडखडीत होती. एका सकाळी माझ्या मुठीच्या डाव्या पट्टीची मागची कड उचलली गेली. नखाएवढीच फट पडली. मला ती आधी जाणवली, मग चन्नम्माच्या तळव्याला. तिनं मला उजेडात धरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. दुपारी काम उरकून ती लंगडत विजापूर वेशीला गेली.

गैबीसाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पान्यात भिजत ठेवता काय अक्का?"

"न्हाय मामू. धुते आन् लगीच पुसते."

"मग पुसन्यात कमी पडतंय. लाकूड माझं वरीसभर जवारीत पुरलेलं हाय. ते आपसूक हलनारं न्हाय."

चन्नम्मानं ते मानलं. चूक आपलीच, हे ऐकायची तिला सवय होती. गैबीसाबांनी फटीत गरम लाख सोडली, दोरीनं मूठ करकचून आवळली आणि दुसऱ्या दिवशी मला परत दिलं. त्यानंतर चन्नम्मा मला प्रत्येक भाजीगणिक पुसू लागली. पदरानं, मग कोरड्या फडक्यानं, मग पुन्हा पदरानं. एवढ्यानंही समाधान होईना, म्हणून काम संपलं की मला चुलीच्या उबेला ठेवू लागली. त्या बिचारीला काय ठाऊक? माझ्या लाकडाच्या पोटात ओल होती, आणि बाहेरून जितकी ऊब लागेल तितकी पट्टी आणखी वाकणार होती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण सुरीला धार असते, तोंड नसतं.

तीन आठवड्यांत लाख तडकली. ती पुन्हा गेली. गैबीसाब या वेळी जरा चिडले. कारागिराच्या कामावर दुसऱ्यांदा बोट ठेवलं की तो चिडतोच. "सगळं गाव माझ्या सुऱ्या वापरतंय. कुनाची मूठ उठत न्हाय, तुमचीच कशी उठती?" असं म्हणत त्यांनी जुने खिळे काढून जाड खिळे घातले आणि ठोकून ठोकून बसवले. एका खिळ्यापाशी लाकडाला केसाएवढी चीर गेली, ती त्यांनी मेण लावून बुजवली. पट्टीची मागची कड दबली खरी. आठ दिवसांनी पुढची उठली.

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना मला आजही लाज वाटते. फट पडलेली मूठ आवळून धरली की फट मिटते, आणि हात सैल केला की उघडते. मिटताना तिच्यात तळव्याचं कातडं सापडतं. एका कांद्याला वीस वेळा. धारेनं मी तिला कधी कापलं नाही, पण मुठीनं मी तिला रोज चावत होते. आधी लाल झालं, मग फोड आला, मग फोड फुटला. त्यावर मीठ, मिरची आणि कांद्याचा रस. चन्नम्मानं चादरीच्या कारखान्यातलं सूत आणून माझी मूठ गच्च गुंडाळली. सूत ओलं व्हायचं, घसरायचं, आणि मी पुन्हा चावायचे.

ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर काय झालं असतं? सावित्रम्मा म्हणाली असती, तुला जमत नाही तर राहू दे. आणि राहू दे म्हणजे कुंभारी. म्हणून तिनं हात पदरात घेतला. वाढताना पदरात, भांडी उचलताना पदरात. "भाजीला उशीर का व्हतोय गं आताशा?" सावित्रम्मानं विचारलं, तर ही म्हणाली, "कांदा लई झोंबतोय डोळ्यांस्नी."

तिसऱ्यांदा ती गैबीसाबांकडं आली तेव्हा शिवरात्र होऊन गेली होती. तिनं मला डाव्या हातानं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. उजवा पदरात होता. "मामू, ह्या टायमाला तेवढी नीट करून द्या. मी लई पुसते हो. आईची आन."

गैबीसाबांनी मला उचललं, सूत सोडलं, मूठ फिरवून फिरवून पाहिली. बराच वेळ पाहिली. "ठेवून जावा," ते म्हणाले. ती पायरी उतरून गेली, आणि तिच्याकडं त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. मीही पाहिलं नाही. मला माझ्या मुठीचंच पडलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच, जे आधीच करायला हवं होतं ते केलं. खिळे कापले, दोन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या आणि धार लावायच्या सपाट दगडावर पालथ्या ठेवल्या. पट्टीच्या दोन्ही कडा दगडाला टेकल्या, पण मधून दिव्याचा उजेड आरपार दिसला. पट्टी होडीसारखी वाकली होती. पाणी लागून लाकूड असं वाकत नाही, हे गैबीसाबांना चांगलं ठाऊक होतं. ते स्वतःशीच पुटपुटले, "वरीसभर जवारीत व्हतं की हे."

दुकानामागच्या घरात भाकऱ्या भाजता भाजता त्यांची बायको अनवरी सहज म्हणाली, "उस बरस कणगी में जवारी कां थी जी? हम लोगां रेशन की मिलो खा रहे थे. तुम खाली कणगी में लकडी डाल को बैठे."

गैबीसाब पट्टी हातात धरून तसेच बसले. बहात्तर साली कणगी रिकामी होती; घर रेशनच्या दुकानातल्या परदेशी मिलो धान्यावर चाललं होतं. दाणा नव्हता, पण रीत होती. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी ठोकळा कणगीत टाकला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं वर्ष भरल्यावर काढला. वर्ष मोजलं, दाणा बघितला नाही. दुष्काळाच्या तापलेल्या हवेनं लाकूड वरवर झटकन सुकलं, पोट ओलं राहिलं, आणि आतल्या आत ताण धरून ते पडून राहिलं. करवत लागताच तो ताण सुटला. सगळा दोष आमच्या घरचा होता, आणि बोलणी त्या बाईनं खाल्ली होती. गैबीसाब त्या दिवशी जेवले नाहीत.

मग ते इरेला पेटले. त्या वर्षी कुणातरी विणकरानं यंत्रमाग घेतला होता आणि जुना हातमाग मोडून जळणाला काढला होता. त्या ढिगातून गैबीसाबांनी शिसवाचा एक तुकडा निवडला. दोन पिढ्यांचं सुकलेलं लाकूड, आता त्यात वाकायला काही उरलं नव्हतं. त्यांनी पट्ट्या कापल्या आणि लगेच बसवल्या नाहीत. रोज सकाळी दगडावर ठेवून खालून उजेड येतो का ते पाहायचे, संध्याकाळी पुन्हा पाहायचे. असे आठ दिवस गेले. मग आतली बाजू खरखरीत घासली, लाख पातळ लावली, खिळे बेतानं ठोकले. जुना दोरा त्यांनी जपून ठेवला होता, त्याच मापानं फुगवटा काढला. एकंदर पंधरा-सोळा दिवस लागले. मूठ अशी बसली की पोलाद कुठं संपतं आणि लाकूड कुठं सुरू होतं ते नखाला कळू नये. मी हरखून गेले होते. चन्नम्माच्या हातात जाण्याची मला घाई झाली होती.

गिऱ्हाइकाच्या दारी न जाणारे गैबीसाब मला कापडात गुंडाळून सायकलवरून स्वतः खानावळीत गेले. खिडकीखालच्या फळीवर कुणीतरी पितळी डबे मांडले होते. सावित्रम्मा हात पुसत बाहेर आली.

"चन्नम्मा? ती गेली की कुंभारीला. हात पिकला तिचा. मनगटापतुर सुजला, तवा आमाला कळलं. दवाखान्यात चिरावा लागला." ती पुन्हा हात पुसू लागली. "मी ठेवून घेतली असती हो. पर बसता येईना, धरता येईना. तिलाच कसंतरी वाटाय लागलं."

गैबीसाबांनी सायकल वळवली. त्यांनी थेट कुंभारीचा रस्ता धरला. मी कापडात होते.

चन्नम्मा घराच्या मागच्या अंगणात बाजेवर बसली होती, एक पाय सरळ लांब करून. गैबीसाबांना पाहून तिनं पदर सावरला. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, चूक माझी व्हती. लाकूडच कच्चं व्हतं. पान्याचा काय संबंध नव्हता."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हंजे मी पुसत व्हते ते बराबर व्हतं?"

"बराबर व्हतं."

"मला वाटायचं, माझंच कुटंतरी चुकतंय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला. मला तिच्या त्या चेहऱ्याचा आनंद झाला, आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं.

गैबीसाबांनी कापड सोडून मला तिच्या उजव्या हातात दिलं. तळव्यावर मधोमध नुकताच भरलेला, लाल, चमकता व्रण होता. माझा फुगवटा त्या खळग्यात टेकला, करंगळीच्या टेकूपाशी करंगळी आली. आता ती मिटेल, असं मला वाटलं. अंगठा आला, पहिलं बोट आलं. बाकीची तीन बोटं मात्र तशीच सरळ राहिली. तिनं ओठ दाबून पुन्हा प्रयत्न केला. मी तिच्या हातातून घसरले आणि गोधडीवर पडले.

गैबीसाबांनी मला उचलून बाजूला ठेवलं. "हात का न्हाय दाखवला अक्का?" गैबीसाब म्हणाले.

"तुमी मूठ बघत व्हता की."

त्यांनी खाली मान घातली. जाताना म्हणाले, "डाव्या हाताची करून देतो. चार दिसांत करतो."

"नगं मामू," ती शांतपणे म्हणाली. "हितं कुणाची भाजी चिरू मी?"

तेव्हापासून मी या कोनाड्यात आहे. चार-पाच वर्षं झाली. पुढं स्वयंपाकघरात तिच्या भावजयीची विळी चालते, तिचा आवाज इथपर्यंत येतो. माझी मूठ अजून केसभरही हललेली नाही. बघणारा म्हणेल, काय कारागिरी आहे. चन्नम्मा त्याच खोलीत बाजेवर असते. तिचं ताट येतं आणि ताट जातं. कधी ती उठून माझ्यापाशी येते, डाव्या हातानं मुठीवरून बोटं फिरवते आणि परत जाऊन बसते. आम्ही एकाच खोलीत आहोत, पण एकमेकींना उपयोगाच्या राहिलो नाही. असं जवळ असणं फार एकटं असतं, मित्रांनो.

वस्तू नीट वापरा, पुसून ठेवा, असं सांगून मी माझी गोष्ट संपवावी अशी तुमची अपेक्षा असेल. पण ते मी कोणत्या तोंडानं सांगू? तिनं मला पुसण्यात काहीच कसूर केली नव्हती. तीन वेळा ती दुरुस्तीला दुकानात आली, आणि तिन्ही वेळा आम्ही सगळ्यांनी मिळून मूठ तपासली. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी हात पदरात घेऊन वावरत असेल, आणि विचारलं तर कांदा झोंबला म्हणत असेल, तर आजच तो हात उजेडात धरा आणि उघडून बघा.